मुंबईच्या पावसाला पुरून उरेल अशी ग्रॅव्हल बाईक जमवताना

मुंबईत ग्रॅव्हल बाईक (वाकडं हँडल आणि जाड टायर असलेली, खडबडीत रस्त्यांवरही चालणारी सायकल) कशाला लागते असं ज्याला वाटतं त्याने एकदा गोरेगावहून अंधेरी एमआयडीसीपर्यंत २५ एमएमच्या टायरवर जाऊन यावं. अर्धे बसलेले अर्धे उपटलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट (बारीक टायर बरोब्बर तिच्यातच जातो), गटारावरच्या जाळ्या, कुठल्यातरी कामासाठी टाकलेले लोखंडी पत्रे, आणि जूनपासून या सगळ्यावर पाणी, म्हणजे खाली काय आहे ते चाक पडल्यावरच कळतं. तिकडे अमेरिकेत कॅन्ससमध्ये २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची रेस होते, हल्ली तिला अनबाउंड म्हणतात. आपल्याकडे रेस नाही पण रस्ता तयार आहे.

मला सायकल एकच हवी होती. बाल्कनीत वॉशिंग मशीन, आईची तुळस आणि एक सायकल एवढंच मावतं, दुसरी आणली तर आईने मला बाहेर काढलं असतं, सायकलला नाही. त्यामुळे त्याच एका सायकलने रोज आरेतून ऑफिस, रविवारी मार्वेहून बोटीने मनोरी-गोराई-उत्तन, वर्षातून एखादी २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब फेरी, ही साडेतेरा तासांत संपवायची असते, रेस नाही पण घड्याळ असतंच), आणि पावसाळ्यात घरी बसायचं नाही, हे सगळं व्हायला पाहिजे होतं.

आधी दुकानात तयार सायकली बघितल्या. चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. पण एकेक स्पेसिफिकेशन वाचत गेलो तसं डोकं फिरायला लागलं. एकीत प्रेसफिट बॉटम ब्रॅकेट (पेडलचा दांडा फिरतो ते बेअरिंग), म्हणजे आटे नाहीतच, बेअरिंगचे कप फ्रेममध्ये नुसते दाबून बसवलेले, त्यात पाणी आणि माती गेली की करकर सुरू. दुसरीत ब्रेकच्या होज (हायड्रॉलिक ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) हेडसेटमधून, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगमधून, आत घातलेल्या, दिसायला एकदम साफ, पण वरचं बेअरिंग बदलायचं तर आधी होज सोडवा, पुन्हा जोडा, ब्लीड करा (तेलातली हवा काढा). तेव्हा ठरवलं की जो भाग इथल्या पावसात झिजणार आहे तो मुंबईत मिळायला पाहिजे नाहीतर रस्त्यावरच्या माणसाकडून दुरुस्त व्हायला पाहिजे, आणि ज्याला हे जमत नाही तो भाग कितीही भारी असला तरी घ्यायचा नाही. पुढचे जवळपास सगळे निर्णय याच एका गोष्टीवरून झाले. वजन वगैरे नंतर.

फ्रेम सेकंडहँड मिळाली, पुण्यातल्या एकाकडून, तो परदेशी चालला होता. ४१३० क्रोमोली स्टील, चिमटाही स्टीलचाच, मागे १३५ एमएम आणि पुढे १०० एमएमचे साधे क्विक रिलीज, सीटपोस्ट २७.२, आट्यांचा ६८ एमएमचा बीएसए बॉटम ब्रॅकेट, ७०० बाय ४५ पर्यंत टायरला जागा, आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी सगळीकडे भोकं. आजकालच्या हिशोबाने जुनाट. थ्रू ॲक्सल (हल्लीचा आरपार जाणारा जाड ॲक्सल) नाही म्हणून मित्रांनी नाकं मुरडली, पण १३५ चे डिस्क हब (चाकाचा मधला भाग, जिथून स्पोक निघतात) म्हणजे साध्या एमटीबीचे, माउंटन बाईकचे हब, ते कुठेही मिळतात. स्टील गंजणार हे मात्र प्रत्येकाने सांगितलं, अगदी सोसायटीच्या वॉचमनने पण. गंजणारच, समुद्र हाकेवर आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पण स्टील सहसा आतून गंजतं, बाहेरून रंग असतो, आणि आतलं आपल्या हातात आहे.

रंग जुना होता, ठिकठिकाणी फोड आलेले, म्हणून पावडर कोटिंग करायचं ठरलं. हे काम करणारे लोक इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बसतात आणि दिवसभर गेट, ग्रिल, खुर्च्यांचे सांगाडे रंगवतात. सायकलची फ्रेम त्यांच्यासाठी एक छोटी ग्रिल. त्यामुळे काय रंगवायचं नाही हे आपण ठरवून जायचं. मी जुने बॉटम ब्रॅकेटचे कप आट्यांमध्ये घट्ट बसवून दिले, मडगार्डच्या प्रत्येक भोकात टाकाऊ स्क्रू फिरवून दिले, हेडट्यूबच्या आत आणि डिस्क ब्रेक बसतो त्या जागेवर उष्णता सहन करणारी टेप लावली, साधी सेलोटेप भट्टीत टिकत नाही, तिथे २०० डिग्रीच्या आसपास तापमान असतं. ब्लास्टिंग करणाऱ्याला सांगितलं की पाइप पातळ आहे, प्रेशर कमी ठेवा, तो म्हणाला साहेब ही सायकल आहे की दागिना. रंगाचं कार्ड समोर ठेवलं तेव्हा मी बेस्टच्या बसचा लाल शोधत होतो. अगदी तोच नाही मिळाला पण जवळचा मिळाला, आणि आता ट्रॅफिकमध्ये बसच्या मागे उभा असलो की मलाच हसू येतं.

फ्रेम घरी आल्यावर आतून जवसाचं तेल. पेंटच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मिळतं, लाकडाला लावतात ते. प्रत्येक ट्यूबमध्ये थोडं ओतायचं, भोकं बंद करायची, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, मग उलटी टांगून जास्तीचं निथळू द्यायचं. सुकल्यावर आतून पातळ थर धरतो. मुंबईच्या हवेत सुकायला वेळ लागतो, घरभर वास येतो, आई दोन वेळा विचारून गेली की कुठल्या देवाला वाहतोयस. एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका, हे तेल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकायची नाहीत, हे तेल सुकताना गरम होतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा मगच फेका. आणि बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या बाजूचं छोटं भोक रंगाने बुजलं असेल तर मोकळं करा, आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर येतं.

हेडसेट बसवायला खास प्रेस विकत घ्यायची गरज नाही. नागदेवीला, मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात गेलो, १२ एमएमचा आट्यांचा रॉड, जाड वॉशर आणि नट घेतले, घरी कप वरून-खालून ठेवून हळूहळू आवळत गेलो, बसला. तिथेच बेअरिंगच्या दुकानात ग्रीस घेतलं, बोटींना वापरतात तसलं, पाण्याने धुऊन न जाणारं. नागदेवीची गल्ली म्हणजे सायकलवाल्याने पाकीट घरी ठेवून जायची जागा आहे, मी ज्या नटसाठी गेलो त्याच्या दसपट सामान घेऊन आलो आणि त्यातलं निम्मं अजून डब्यात आहे.

बॉटम ब्रॅकेट बसवताना लक्षात ठेवायचं की चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवून घट्ट. डाव्या पेडलचं पण तसंच. हे मी लिहितोय कारण एका दुकानातल्या पोराने माझ्यासमोर दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रेमवर पाना घेऊन चुकीच्या दिशेला पूर्ण ताकद लावलेली बघितली आहे आणि त्या दिवसापासून हे काम मी बाहेर देत नाही.

आता गिअर. यावर जेवढं वाचलं तेवढं मी बारावीला वाचलं असतं तर आज वेगळं काहीतरी असतो. शिमानोचा ग्रॅव्हलसाठीचा जीआरएक्स ग्रुप (गिअर-ब्रेकचा पूर्ण संच) २०१९ ला आला, उत्तम आहे, पण माझ्या बजेटमध्ये तो घेतला असता तर चाकं उरली नसती. मग जुनी युक्ती. शिमानोच्या ९ स्पीडमध्ये रोडचे शिफ्टर आणि एमटीबीचा मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एकमेकांशी जुळतात, केबल दोघांची सारखीच ओढली जाते. १० स्पीडपासून हे बिनसलं. म्हणून ड्रॉप हँडलला शिमानोच्याच सोराचे (रोडचे) ९ स्पीड लिव्हर, मागे अलिव्हिओचा (एमटीबीचा) डिरेलर, ११-३६ ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात छोटी ११ दातांची, मोठी ३६), आणि पुढे एकच ३८ दातांचं नॅरो-वाइड चेनरिंग (चेन निसटू नये म्हणून एक दात बारीक, एक जाड). ९ स्पीडची चेन आणि कॅसेट साध्या दुकानात पण मिळते आणि पावसाळ्यात चेन खाल्ली जाते हे धरूनच चालायचं.

हिशोब करून बघितला. ७०० बाय ४० च्या टायरचा घेर २.२ मीटर धरला तर ३८-११ ला ९० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) ४१ चा स्पीड पडतो, एवढा मला फक्त उतारावर लागतो. आणि ३८-३६ ला चढावर पाय ६० पर्यंत खाली आले तरी साडेआठच्या आसपास सायकल पुढे सरकत राहते. नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीपर्यंतचा चढ यात निवांत निघतो. सामान लादून घाट चढायचा असेल तर ३६ दातांचं चेनरिंग लावीन, तो बदल अर्ध्या तासाचा. गिअरमधली अंतरं जरा मोठी आहेत, ब्रेव्हेला सपाट रस्त्यावर वारा समोरून असला की पाय दोन गिअरच्या मध्ये अडकतात, तेवढं मान्य. डाव्या लिव्हरची गिअरची पाती रिकामीच आहे, ऑफिसमधला एक जण ती दाबून विचारतो याने काय होतं, मी सांगतो हॉर्न आहे, बिघडलाय. या डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर चेन खालच्या पाइपवर आपटते, तिथे जुनी ट्यूब कापून गुंडाळली आणि आवाज गेला.

ब्रेक निवडताना एक गोष्ट बऱ्याच जणांना दुकानात पण सांगत नाहीत. ड्रॉप हँडलचे लिव्हर केबल कमी ओढतात, एमटीबीच्या व्ही-ब्रेकचे लिव्हर जास्त. त्यामुळे एमटीबीचं केबल डिस्क कॅलिपर (रोटर, म्हणजे चाकावरची डिस्क, पॅडने दाबणारा भाग) रोड लिव्हरला जोडलं तर लिव्हर हँडलला टेकतो पण सायकल थांबत नाही. रोड पुलचंच, म्हणजे कमी केबल ओढणाऱ्या लिव्हरसाठीचंच कॅलिपर लागतं. मी टीआरपी स्पायर घेतले, त्यात दोन्ही बाजूंचे पॅड हलतात, साध्यात एकच हलतो आणि रोटरला वाकवून दुसऱ्यावर दाबतो. केबलचं आवरण कॉम्प्रेशनलेस (ओढल्यावर न आकसणारं) घेतलं, थोडं महाग पण लिव्हरचा स्पंजीपणा गेला. हायड्रॉलिक नक्कीच जास्त जोरात थांबवतात, वादच नाही, पण केबल तुटली तर खिशातली दुसरी घालून घरी येता येतं. पॅडचं म्हणाल तर आरेतला चिखल आणि पाऊस यात रेझिनचे पॅड बघता बघता संपतात, मेटलचे टिकतात, फक्त ओले झाले की किंचाळतात आणि रिक्षावाले मागे वळून बघतात, जे मुंबईत उपयोगीच आहे. मेटल पॅड लावण्याआधी रोटरवर काय लिहिलंय ते वाचा, स्वस्त रोटरवर बऱ्याचदा फक्त रेझिनसाठी असं कोरलेलं असतं.

मला या सगळ्यात खरी मजा आली ती चाकांत. ३२ भोकांचे शिमानोचे हब घेतले, सुट्या छर्ऱ्यांचे, सीलबंद बेअरिंगचे नाहीत. पावसाळा संपला की उघडायचे, धुवायचे, मागे पाव इंची आणि पुढे तीन-षोडशांश इंची छर्रे नवे टाकायचे, ग्रीस भरायचं, झालं. रिम डबल वॉलची, आतून २३ एमएम रुंद. स्पोकची लांबी हबच्या फ्लँज (स्पोक अडकवायची कडा) आणि रिमच्या मापावरून काढली, मागच्या चाकात दोन्ही बाजूंची वेगळी येते कारण कॅसेटमुळे हब मधोमध नसतो, आणि डिस्कमुळे पुढच्या चाकातही तेच, फक्त उलट्या बाजूने.

चाक विणायला जोगेश्वरीला नानांकडे गेलो. फुटपाथवर बसतात, उलटी ठेवलेली सायकल आणि एक ट्रंक एवढंच दुकान, आयुष्यभर काळ्या सायकलींच्या रिमचे आउट काढलेला माणूस. त्यांना वाटलं मी मागच्या चाकाची आठ भोकं चुकून कमी आणली, कारण आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. समजावलं. मग त्यांनी टायर हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं, रुंदी बघितली आणि म्हणाले, "अरे बाळा, हे तर दूधवाल्याच्या सायकलचंच टायर की रे. कितीला घेतलंस?" मी किंमत सांगितली नाही. पण म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे! दूधवाल्याच्या २८ बाय दीडच्या टायरवर ४०-६३५ छापलेलं असतं आणि माझ्यावर ४०-६२२. रुंदी तीच ४० एमएम, फक्त रिमवर बसायचा व्यास वेगळा, १३ एमएमचा फरक, म्हणून एकाचं दुसऱ्याला बसत नाही. जाड टायर, कमी हवा, स्टीलची फ्रेम, मडगार्ड, मागे लोड, हे सगळं जगाने आत्ता शोधलं म्हणून आपण टाळ्या वाजवतोय, आणि दूधवाला कधीपासून चाळीस लिटरच्या किटल्या घेऊन त्याच पेव्हर ब्लॉकवरून जातोय.

नानांनी तीन क्रॉसमध्ये (एक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो) चाक विणलं, माझ्याकडचं टेन्शन मीटर (स्पोकचा ताण मोजणारं) बघून हसले, आणि प्रत्येक स्पोक नखाने टिचकी मारून ऐकत गेले. नंतर मी घरी गुपचूप मोजलं. कॅसेटच्या बाजूचे सगळे ११० ते १२० किलोच्या मध्ये. मीटर आता मित्राला देऊन टाकलाय.

टायर ट्यूबलेस केले, म्हणजे आत ट्यूब नाही, त्याऐवजी भोकं बुजवणारं द्रव सीलंट. पंक्चरचं आपल्याकडचं मुख्य कारण म्हणजे ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या केसाएवढ्या लोखंडी तारा, हायवेच्या कडेला पडलेल्या असतात, आणि आतल्या रस्त्यांना बाभळीचे काटे. सीलंट दोन्ही बुजवतं. पण गरमीत ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघून पुन्हा ओतावं लागतं, न बघणाऱ्यांनी ट्यूबच वापरावी. पहिल्यांदा टायर रिमवर बसवायला घरच्या पंपाने दम लागला, बसलं नाही. प्रेस्टा (सायकलच्या बारीक) वॉल्वला पितळी अडॅप्टर लावून पेट्रोल पंपावर गेलो, एका झटक्यात टण् टण् करून बसलं, हवा भरणारा दोन पावलं मागे सरकला. तो अडॅप्टर आता कायम वॉल्वलाच लावलेला असतो. आणि गंमत म्हणजे माझ्या ७८ किलो वजनाला पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआय लागतात, म्हणजे गाडीच्या टायरएवढीच हवा, मशीनवरचा आकडा फारसा बदलायला पण लागत नाही.

मडगार्डवर लोक हसतात, हसू देत. पूर्ण लांबीचे लावले, टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा सोडून, कारण आरेतल्या पाड्यांकडच्या कच्च्या वाटेवरचा चिखल आत अडकला की चाक फिरायचं थांबतं. पावसाळ्यात त्यासाठीच ४० चे काढून ३५ चे टायर घालतो. वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं का ते आधी बघून घ्या, छोट्या फ्रेमला हमखास लागतं. हँडल ४४ सेमीचं, खाली बाहेरच्या बाजूला फाकलेलं, कच्च्या रस्त्यावर खालून धरलं की सायकल नीट ताब्यात राहते, पण बस आणि रिक्षाच्या मधून निघताना ती फाकलेली टोकं आठवणीत ठेवावी लागतात. कॅरिअरचे बोल्ट एम५, त्यांना लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावलंच पाहिजे, पेव्हर ब्लॉक सगळं सैल करतो.

खर्च? फ्रेम, रंग, चाकं, सगळं धरून पासष्ट हजारांच्या आसपास. नवी तयार सायकल त्यात आली असती, हे आईला अजून माहीत नाही.

सगळं जुळल्यावर पहिली मोठी फेरी मार्वे-मनोरी बोटीने गोराई, उत्तन, भाईंदर, तिथून रो-रोने (वाहनं नेणाऱ्या बोटीने) वसई. सी लिंकवर सायकल चालत नाही, अटल सेतूवर चालत नाही, त्यामुळे मुंबईच्या सायकलवाल्याला पूल म्हणजे बोटच. ही भाईंदर-वसई रो-रो २०२४ ला सुरू झाली आणि माझ्या मते या शहरात सायकलसाठी झालेली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे, सायकलचा विचार करून कुणी केली नसली तरी. वसईला किल्ल्याजवळ उतरायचं, मग केळीच्या वाड्यांमधले आतले रस्ते, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा. डांबर, माती, पुन्हा डांबर, ओहोटीला कडक झालेली ओली वाळू. वाळूवर ३० पर्यंत हवा उतरवली तर टायर अजिबात रुतला नाही. घरी आल्यावर मात्र कंटाळा न करता गोड्या पाण्याने धुतली, पाइप लावून नाही, बादली आणि मग्गा, बेअरिंगवर जोरात पाणी मारायचं नाही.

आता राहिलाय डायनॅमो हब, चाक फिरलं की वीज देणारा. पुढची ब्रेव्हे ३०० ची करायची आहे, २० तासांची, म्हणजे रात्र येणारच, आणि पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पावसात लाइट चालवायचा मला कंटाळा आलाय. ६ व्होल्ट ३ वॅटचा हब लाइटला पुरतो आणि दिवसा फोनही चार्ज होतो. पण त्याचा फ्लँज मोठा असतो, म्हणजे आत्ताचे पुढचे स्पोक बाद, नवे आणि आखूड घ्यावे लागणार. नानांना विचारलं तर म्हणाले हब आधी आण, माप मी घेतो, तुझ्या त्या मोबाइलवर काढू नकोस.